फसलेल्या चिकावर वाढलेली कालवड

नाल्याची चढण संपली तशी सोजराबाई थांबली. कासरा डाव्या हातात घेऊन उजव्या हातानं तिनं कालवडीच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली आणि म्हणाली, "घे दम, माय. तिथं चार मान्सांत तुलेच उभं राह्यचं आहे, मले नाही."

मागून पुष्पाबाई आल्या, चपला हातात, पदर कमरेला खोचलेला. तांबडं फुटायला दोघींनी सावरखेडी सोडली होती आणि आता ऊन पाठीला बरं वाटू लागलं होतं. पौषाची थंडी. दोन्ही अंगांना हरभरा घाट्यावर आलेला. अमडापूर अजून दोन कोस होतं.

"वहिनी, शकूरभाईंच्या गाडीमागं बांधली असती तर?" पुष्पाबाई म्हणाल्या. "ते काही नाही म्हणाले नसते."

"शकूरभाई कुठं नाही म्हणते वो? हीच म्हणते. मी दिसली नाही की चारी पाय रोवते. अन् गाडीत मामाजी बसेल आहे. त्यायच्याकडे पाहून तं ही एक पाऊल टाकणार नाही." सोजराबाई हसली. "मुकं जनावर आहे, पण कोणाचं ते तिले समजते."

बोलणं हसण्यावारी होतं, पण पुष्पाबाईंना त्यातली कळ माहीत होती. त्या चिखलीच्या. सावरखेडीच्या शाळेवर नेमणूक झाली तेव्हापासून सोजराबाईच्याच ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहत होत्या, आणि भिंतीपलीकडचं बरं-वाईट सगळं कानावर पडत होतं. ही कालवड कोणाची, हा त्या घरातला दोन वर्षांचा प्रश्न होता. आज पंचायत समितीनं अमडापूरला जनावरांचं प्रदर्शन भरवलं होतं, आणि सोजराबाईचे मामाजी, म्हणजे सासरे उत्तमराव, शकूरच्या गाडीतून पुढं गेले होते ते स्वतःचं नाव घालायला. नंबर लागो न लागो, चांगलं गिऱ्हाईक आलं तर कालवड तिथंच द्यायची, असं त्यांनी आदल्या दिवशी जेवताना सांगून टाकलं होतं. निवृत्ती, म्हणजे सोजराबाईचा नवरा, भाकरी कुस्करत खाली मान घालून बसला होता. बापापुढं तोंड उघडायची त्याला सवयच नव्हती.

सोजराबाईच्या लग्नात तिच्या आईनं, अंबूबाईनं, आपल्या गोठ्यातली पांढरी कालवड सोडून मांडवात आणून बांधली होती. तीच ढवळी. आपल्याकडे आंदणाची गाय आणि तिच्या पोटच्या कालवडी बाईच्या समजतात. गोऱ्हे मात्र घरच्या औताला जातात. ढवळीला एकामागून एक गोऱ्हेच झाले. उत्तमरावांच्या शेतावर सगळी औतं तिच्याच लेकरांनी ओढली. शेवटी उतारवयात तिला कालवड झाली तेव्हा सोजराबाईनं बाळंतिणीला करावं तसं गाईला सगळं केलं. पाचवीला गोठ्यात दिवा लावला, गूळ वाटला.

आणि त्याच महिन्यात, फाल्गुनात, अवकाळी पाऊस झाला. काढलेल्या ज्वारीच्या धसकटांना हिरवे लुसलुशीत कोंब फुटले. ढवळी दावं तोडून त्या रानात शिरली. तिला किराळ लागली. कोवळ्या ज्वारीचं ते विष असं असतं की धावाधाव करायलाही वेळ देत नाही. गाय पडली त्या वेळी सोजराबाई कुरडयांच्या तयारीत होती. गहू एक दिवस भिजवून झाले होते, पाणी काढून टाकलं होतं, दुसरं पाणी घालायला ती घागर उचलणार तोच रानातून हाक आली. गहू टोपल्यात ओल्या फडक्याखाली तसेच राहिले.

"मी पोचली तं डोळे फिरवले होते तिनं," सोजराबाई चालता चालता सांगू लागली. पुष्पाबाईंनी हे पूर्वीही ऐकलं होतं, पण रस्ता लांब होता आणि ज्याचं दुःख त्याला सांगू द्यावं. "तोंडाले फेस. मी पाठीवरून हात फिरवला तं कातडी हाललीच नाही. घरी आली तं हे पोर गोठ्यात हंबरून राह्यलं. बारा दिवसांचं. त्याले काय समजते? त्याले दूध पाह्यजे."

घरात दुसरी दुभती नव्हती. गावातल्या गाई दुसऱ्याचं वासरू जवळ येऊ देत नव्हत्या. शेजारच्या शकूर गाडीवानाची बायको शाहजादी, तिच्याकडे दोन शेळ्या. ती रोज संध्याकाळी तांब्या घेऊन यायची आणि म्हणायची, "ले सोजरा, इत्ताच निकला आज." तेवढ्यानं वासराचा घसाही ओला होत नव्हता. सोजराबाईनं ज्वारीच्या पिठाची आंबील शिजवून बोटानं चाटवली. ती पोटात गेली आणि दुसऱ्या दिवशी वासराला पाण्यासारखी हगवण लागली. शेपटी चिकटली, डोळे आत गेले.

उत्तमराव गोठ्यात येऊन उभे राहिले. माणूस दुष्ट नव्हता, पण बोललेला शब्द जमिनीत खुंटा ठोकावा तसा ठोकायचा. म्हणाले, "सोजरा, हे जगत नाही. तडफडवू नको त्याले. अन् जगलंच, तं माझ्या घरच्या दाण्यावर जगंल. तुह्या मायनं दिली होती ती गाय गेली, आंदण सरलं. हे घरचं."

सोजराबाईनं पदर पुढं ओढला आणि सासऱ्यासमोर जन्मात पहिल्यांदा बोलली. "मामाजी, घरचा एक दाणा घालणार नाही."

"मंग काय, हवा चारतं?"

दुःखानं सुचेनासं झालेली ती चुलीपाशी जाऊन बसली तेव्हा तिला कोपऱ्यातलं टोपलं दिसलं. फडकं उचललं तर गव्हाला पांढरे मोड आलेले, मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या. कुरडईला असे गहू चालत नाहीत. सासरी आल्यापासून प्रत्येक उन्हाळ्यात हजारभर कुरडया घालणाऱ्या बाईच्या हातून अशी चूक झाली म्हटल्यावर पाणवठ्यावरच्या बाया काय काय बोलल्या असतील! पुतळाबाई नावाची शेजारीण तर घरात येऊन पाहून गेली आणि म्हणाली, "फेकून दे वं. असल्या चिकाच्या कुरडया सोऱ्यातून लोंबत नाहीत, गळतात."

टाकवलं नाही म्हणून सोजराबाईनं ते वाटले, मंद जाळावर चीक शिजायला ठेवला आणि वासराजवळ जाऊन बसली. परत आली तर पातेल्यात चीक कुठला? पळीवरून घसरावा तो घट्ट गोळा होण्याऐवजी पातळ पाणी झालं होतं. तिनं बोट घालून चाखलं. साखर नाही, गूळ नाही आणि गोड.

"मले वाटलं, डोकं फिरलं माझं," ती पुष्पाबाईंना म्हणाली. "पुतळाबाईले दाखवाची सोय नव्हती. मंग तसंच कोमट केलं अन् वासराजवळ नेलं. बोट बुडवून तोंडात देलं. त्यानं असं ओढलं बाई, असं ओढलं, की नख निघते का काय!"

दुसऱ्या दिवशी शेण थोडं बांधून आलं. तिसऱ्या दिवशी वासरू आपण होऊन उठलं.

पुष्पाबाईंना तो दिवस आठवत होता. सोजराबाई त्यांच्या दाराशी येऊन म्हणाली होती, "बाई, तुमी शिकेल आहा. मोडाच्या गव्हात काय असते?" पुष्पाबाईंनी आठवून आठवून पाहिलं. लहान बाळाला नाचणीचं सत्त्व देतात तेही मोड आणूनच, एवढंच त्यांना सांगता आलं. तेवढं ऐकून सोजराबाई समाधानानं परत गेली होती. बाळाला चालतं ते वासराला का नाही चालणार?

पण फसलेले गहू किती दिवस पुरणार? आणि घरच्या दाण्याला हात लावायचा नाही, हा शब्द होता. मग ती सरव्याला जाऊ लागली. पीक निघालेल्या रानात पडलेल्या ओंब्या, कणसं वेचायची. असला सरवा ज्या बाईनं वेचला तिचा, त्यावर कोणाचा हक्क नाही. उन्हाळाभर ती घरचं आटोपून दुसऱ्यांच्या रानात वाकलेली दिसायची. ज्वारी बरी मिळायची, गहू थोडे. गव्हाची आंबील रोज करावी एवढं काही जमत नव्हतं. तेव्हा तिनं ज्वारीचीच आंबील शिजवली आणि वाळवून दळलेलं मोडाच्या गव्हाचं पीठ मूठभर त्यात ढवळून पाहिलं. घट्ट आंबील पाहता पाहता ताकासारखी वाहू लागली. एका मुठीनं अख्खं पातेलं!

"अन् त्या दिवशी जर मी निंदाले गेली नसती तं बरं झालं असतं," सोजराबाई म्हणाली आणि स्वतःशीच हसू लागली.

तो किस्सा सगळ्या गल्लीला माहीत होता. आषाढात ती दुसऱ्याच्या शेतात निंदणाला गेली आणि वासराचं खाणं निवृत्तीवर सोपवून गेली. निवृत्तीनं मनापासून केलं. आंबील रटरटत असतानाच त्यात मोडाचं पीठ ओतलं आणि चांगलं शिजू दिलं. पातळ व्हायचं नावच घेईना. त्यानं तशीच चारली. रात्री वासराचं पोट पुन्हा बिघडलं.

सोजराबाईनं पातेलं पाहिलं आणि म्हणाली, "हे आंबील केलं का भिंतीचा गिलावा?"

"तू सांगतलं तसंच केलं. उलट जास्त शिजवलं. जास्त शिजवलं तं जास्त पचन, नाही का?"

"तुमाले कोणी उकळत्या पाण्यात टाकलं तं तुमी काम करान काय?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच सुचलं. त्यानंतर ती आंबील चुलीवरून उतरवायची, जरा निवू द्यायची आणि बोट बुडवायची. 'नारायण' म्हणेपर्यंत बोट टिकलं की पीठ घालायचं. त्याआधी हात मागं यायला लागला तर अजून थांबायचं. मग पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायचं. गावातल्या बाया हसायच्या. "सोजरी आंबिलीले नाव जपाले शिकवते." ती म्हणायची, शिकू द्या, तुमच्या आमटीले तेवढंही येत नाही.

हसणं परवडलं, पण भीती परवडत नव्हती. ढवळी कोंब खाऊनच गेली होती ना? मग मोड चारणं म्हणजे मायनं खाल्लं तेच लेकीला घालणं, असं गावात बोललं जाऊ लागलं. एकदा उत्तमरावांनीच विचारलं. "गाय कोंबानं मेली अन् तू वासराले कोंब घालतं? देव तरी तुले बुद्धी देईल का नाही?"

सोजराबाई आडोशातून म्हणाली, "मामाजी, ते जवारीचे कोंब. जवारीचा मोड मी घरात फुटू देत नाही. हे गहू. दसऱ्याले घट उठवला की घटातलं गव्हाचं धान आपण दरसाल ढवळीलेच घालत होतो. तुमीच घालत होते, तुमच्या हातानं. देवीपुढं उगवलं ते वाईट असंल काय?"

त्या दिवसापासून गोठ्यावरून जाताना उत्तमरावांची नजर वासरावर रेंगाळू लागली. कालवड भरत चालली होती. पाठ सरळ, कान टवकारलेले, अंगावर तुकतुकी. आणि त्यांच्याच मनात हळूहळू 'घरचं' हा शब्द पक्का होत गेला. मरायला टेकलेलं वासरू कोणाचंही असतं. अशी कालवड दारात उभी राहिली की मालक वाढतात.

दृष्ट लागू नये म्हणून सोजराबाईनं तिचं नाव कचरी ठेवलं होतं. मुलं जगत नसलेल्या घरी मुलाचं नाव कचरू ठेवतात, तसं.

बुळकांडीची लस टोचायला जनावरांचे डॉक्टर वामनराव गावात आले, तेव्हा त्यांनी कालवड पाहिली आणि आई कुठं आहे म्हणून विचारलं. आई नाही, दूध नाही, आंबिलीवर वाढली, हे त्यांना खरं वाटेना. सोजराबाईनं त्यांच्यासमोर पातेलंभर आंबील करून दाखवली. त्यांनी चाखलं, पुन्हा चाखलं, आणि ओसरीवर बसून पुष्पाबाईंच्या शाळेतली पोरं जमली होती त्यांनाच विचारलं, "भाकरीचा घास खूप वेळ चावत राहिलं तर कसा लागतो?"

"गोड!" पोरं ओरडली.

"तो आपल्या लाळेतला पाचक रस. दाण्यातलं पीठ तो फोडून गोड करतो. लहान वासराच्या पोटात तो रस पुरेसा नसतो, म्हणून त्याला नुसती आंबील पचत नाही. गव्हाला मोड येतो तेव्हा दाण्यातही तसलाच रस तयार होतो. याला एन्झाइम म्हणतात. फार तापवलं की तो मरतो." मग सोजराबाईकडे वळून म्हणाले, "आता परदेशात जनावरांच्या खाद्यात असले रस मिसळतात असं आम्ही नुसतं वाचतो. बाई, ही कालवड प्रदर्शनाला आणा. लोकांनी पाहिली पाहिजे."

"काय नाव सांगतलं त्यायनं?" डॉक्टर गेल्यावर सोजराबाईनं पुष्पाबाईंना विचारलं होतं.

"एन्झाइम."

तिनं दोनदा म्हणून पाहिलं. "राहू द्या. मी मोडाचं पीठच म्हणते."

अमडापूरच्या देवीची टेकडी दिसली तशी सोजराबाईनं रस्त्यातच थांबून हात जोडले. काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही आणि पुष्पाबाईंनी विचारलं नाही. त्यांनीही मनातल्या मनात तेच मागितलं.

मैदानावर ही गर्दी! खांबांना आंब्याचे टहाळे बांधलेले, भोंग्यातून खरखर, रांगेनं खुंटे ठोकलेले. कालवडींच्या रांगेत देऊळगाव राजाच्या भगवानरावांची तांबडी कालवड पितळी घुंगुरमाळ घालून उभी होती आणि भगवानराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "गाईची दोन थानं सोडली होती हिच्यासाठी. दोन! घरात लेकरांना चहाला दूध नव्हतं." पलीकडच्या खुंट्याला सोजराबाईनं कचरीला बांधलं. गळ्यात घंटी नाही, शिंगांना रंग नाही. तिनं आपल्या पदरानं तिच्या पाठीवरची धूळ तेवढी पुसली.

उत्तमराव शकूरसोबत आले. डोक्याला नवा फेटा. कालवडीभोवती एक चक्कर मारली आणि शकूरला म्हणाले, "एक जालन्याचा मानूस पाहून गेला. चांगली बोली करून राह्यला."

सोजराबाईचा हात कासऱ्यावर घट्ट आवळला. शकूरनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मालक, नंबर तं लागू द्या. घाई कायची?"

पंच आले. वामनराव डॉक्टर त्यांच्यात होते, पण या खुंट्याशी आल्यावर मागं सरले. "हे जनावर माझ्या ओळखीचं आहे, मी गुण देणार नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दोघांनी दात पाहिले, पाठीवर थापटलं, कास-जागा तपासली, चालवून पाहिलं. नोंद घेणाऱ्यानं विचारलं, "जनावराचं नाव?"

"कचरी," सोजराबाई पदराआडून म्हणाली.

आजूबाजूला हशा पिकला. भगवानरावांची तांबडी होती लक्ष्मी. एक पंच मात्र हसला नाही. तो पुन्हा मागं वळला आणि त्यानं कचरीच्या खांद्यावर हात ठेवून एकवार डोळे मिटून पाहिल्यासारखं केलं.

दुपार कलल्यावर भोंगा बोलू लागला. बैलांचे नंबर झाले, म्हशींचे झाले. शेवटी आवाज आला, "कालवड गट. पहिला क्रमांक, कचरी, गाव सावरखेडी, मालक उत्तमराव..."

शकूरनं टोपी हवेत फेकली. पुष्पाबाईंनी सोजराबाईचा हात धरला, पण ती जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आनंदाचं तेवढंच नव्हतं. उत्तमराव मांडवाकडे निघालेही होते, फेटा सावरत.

त्याच पंचानं त्यांना नारळ दिला आणि भोंग्याचा माइक त्यांच्या तोंडापुढं धरला. "उत्तमराव, सगळ्यांना सांगा. डॉक्टर म्हणतात वासरू बारा दिवसांचं होतं, आईविना कसं वाढवलं?"

"वाढवलं म्हंजे..." उत्तमराव खाकरले. "आंबील दिली."

"कशाची?"

"जवारीची."

"ज्वारीची आंबील बारा दिवसांच्या वासराला पचते कशी?" गर्दीतून भगवानरावच ओरडले. "हगवणीनं मरतं ते. दूध चोरून पाजलं असंल!"

लोक हसले. उत्तमराव लाल झाले. "चोरून? माझ्या घरात? त्यात मोडाचं पीठ घालतात."

"किती? केव्हा? उकळताना का निवल्यावर?" पंचाला खरंच जाणून घ्यायचं होतं.

उत्तमरावांनी नारळाकडे पाहिलं. खोटं बोलून पुढं फसावं, तेही इतक्या लोकांत, हे त्या माणसाला कधीच जमलं नसतं. एकदम ते कडाडले, "मले काय विचारता? मी तं म्हणत होतो मरू द्या त्याले! गोठ्यात उभं राहून म्हणलं होतं. सोजरा! ये इकडे. काऊन तिथं लपून राह्यली? मामाजीची लाज घरी धर, इथं नको."

शकूरनं कासरा स्वतःच्या हातात घेतला. सोजराबाई लोकांतून वाट काढत मांडवात गेली. पदर डोक्यावर, नजर खाली. भोंगा तिच्यापुढं आला तेव्हा पहिले दोन शब्द कोणालाच ऐकू गेले नाहीत. मग तिचा आवाज मोकळा झाला. गहू एक दिवस भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड फुटला की सावलीत वाळवून दळायचे. आंबील उतरवायची. 'नारायण' म्हणेपर्यंत बोट टिकलं पाहिजे.

"अन् मुसलमान असलं तं?" कोणीतरी चेष्टेनं विचारलं.

"तं बिस्मिल्ला म्हणा," सोजराबाई म्हणाली. "शाहजादीभाभी तेच म्हणते. पण जवारीचा मोड घालाल तं कोणाचंच नाव कामी येणार नाही. जवारीचा मोड घालू नका. माझी गाय गेली त्यानं."

बिस्मिल्लाला जे हसले ते या खेपेला तिच्यासोबत हसले, आणि शेवटचं वाक्य बायांनी एकमेकींना सांगून पक्कं केलं.

नोंद घेणारा कागदावर लेखणी धरून उत्तमरावांकडे पाहत होता. "मग मालकाचं नाव काय ठेवू?"

"खोडा माझं," उत्तमराव म्हणाले. "मी घातलेलं खोडा. दाणा तिच्या सरव्याचा, गाय तिच्या मायची. आंदणाची कालवड आहे ती. लिहा, सोजराबाई निवृत्ती." मग बाहेर उभ्या जालन्याच्या माणसाला बोटानं दाखवत ओरडले, "अन् तुमी जा हो! ईकाची नाही. बाईची गाय मी कसा ईकू?"

नारळ त्यांनी सुनेच्या ओटीत टाकला आणि फेटा नीट करत गर्दीत शिरले, जणू हे सगळं सकाळपासून ठरवूनच आले होते.

नंतर किती तरी वेळ सोजराबाईला खुंट्यापाशी पोचताच येईना. बाया भोवती जमल्या. जानेफळची एक म्हातारी दोनदा विचारून गेली, फडकं सुती घ्यायचं का कसलंही चालतं? भगवानरावांनी गडी पाठवला, मोडाचं पीठ जवळ असेल तर चिमूटभर दाखवायला द्या म्हणून. सोजराबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडून त्याच्या हातावर पीठ ठेवलं आणि म्हणाली, "सांगा त्याईले, घरच्या लेकरांले चहाले दूध द्या आता."

परतीला उत्तमराव गाडीत बसले आणि म्हणाले, "तुमी दोघी आरामात या. माय थकली असंल." कोण माय ते त्यांनी सांगितलं नाही, पण कालवडीच्या पाठीवर हात फिरवून गेले.

मावळतीला अजून दोन कासरे दिवस वर होता. कचरीच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला गुलाल. पुष्पाबाईंचे पाय दुखत होते तरी चालावंसं वाटत होतं. सोजराबाई एकदा मोठ्यानं हसायची, एकदा डोळे पुसायची. "'ईकाची नाही' म्हणले वो मामाजी! भोंग्यापुढं म्हणले!"

रस्त्याला फाटा आला तशी ती सावरखेडीची वाट सोडून डावीकडे वळली.

"वहिनी, इकडे कुठं?"

"माझं माहेर. कोसभर बी नाही. आज तिथं राहू, सकाळी तुमच्या शाळेच्या आधी पोचू."

पुष्पाबाईंना ते आवडलंच. ज्या आईनं गाय दिली तिच्या दारात आज ही माळ घातलेली कालवड न्यायची, याहून चांगलं काय? दोघी बोलत बोलत चालल्या. गाव दिसू लागलं, घरांवर धूर चढला होता. वेशीबाहेरच्या लिंबाखाली मात्र सोजराबाई थांबली. जिनं सगळ्या मैदानासमोर भोंग्यात बोलून दाखवलं होतं, तिचा चेहरा एकाएकी लहान मुलीसारखा झाला. तिनं कासरा दोनदा मनगटाला गुंडाळला, दोनदा सोडला.

"बाई," ती म्हणाली, "मायले अजून माहीत नाही."

"काय?"

"ढवळी गेली ते. दोन वर्षं झाली, मी सांगतलंच नाही. तिनं पोटच्या पोरीवानी वाढवून देली होती. दर दिवाळीले विचारते, ढवळी कशी आहे? मी म्हणते, बरी आहे. मले वाटे, ही जगू दे, मंग सांगन. ही जगली, तं वाटे, ही माझी राहू दे, मंग सांगन." तिनं पुष्पाबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "ते पांढऱ्या मातीचं घर. अंबूबाई म्हणून हाक मारा. तुमी पुढं व्हा, बाई. ढवळी गेली एवढं तुमी सांगा. माझ्यानं होत नाही. तिचं रडणं होऊ द्या. मंग दारातून मले हाक मारा. मी हिले घेऊन येते."